केसभर खाली

हाज्जा नझीहांनी कॉफीचा पेला बशीत ठेवला, पंजा वर केला आणि म्हणाल्या, "बंद कर ते."

कुतैबाला वाटलं, आवाज मोठा झालाय. त्याने बटण थोडं मागे फिरवलं.

"कमी नको करू. बंद कर."

अंगणातली दहा-बारा माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. जुम्म्याची नमाज होऊन जेवणं उरकली होती, आणि साबणाचे व्यापारी अबू मुनीर यांच्या घरी दर शुक्रवारी भरते ती ऐकणाऱ्यांची बैठक कडू संत्र्याच्या झाडाखाली भरली होती. अलेप्पोत गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा दरारा जास्त. कैरोत टाळ्या घेऊन आलेल्यांनाही अशा अंगणांत घाम फुटतो. आज तिथे नवी तबकडी लागली होती. चोवीस वर्षांपूर्वी हाज्जा नझीहा रेडिओवर गायल्या होत्या, ती गाणी कुठल्याशा कपाटात पडून होती. कुतैबाने ती शोधली, आपल्या छोट्या स्टुडिओत साफ केली आणि त्यांची तबकडी काढली. ती ऐकायला बाहत्तर वर्षांच्या हाज्जांना त्यांची भाची सौसन हिच्यासोबत खास बोलावून, पाठीला उशी देऊन मधोमध बसवलं होतं.

गाणं रंगलंही होतं. पहिल्याच आलापाला अबू मुनीर यांनी डोळे मिटून "अल्लाह!" म्हटलं होतं. "काय उजळलाय आवाज! असा तर मी समोर बसूनही ऐकला नव्हता."

बिनसलं ते दोन ओळींच्या मधल्या जागेत. आवाज थांबला आणि मांडीवर घेऊन वाजवायचं पंचाहत्तर तारांचं कानून एकटं पुढे आलं. वाजवणारे होते हाज्जांचे पती उस्ताद सुब्ही, ज्यांना जाऊन अठरा वर्षं झाली होती.

दमास्कसहून पाहुणा आलेला एक वकील खुदकन हसला. "हे कोण वाजवतंय? तारा सुरात लावल्यात, का कपडे वाळत घालायला बांधल्यात?"

दोघंतिघं हसले. अबू मुनीर हसले नाहीत, पण त्यांचे डोळे उघडले होते. "सुब्ही आहे तो," ते म्हणाले. मग, कुणाला न सांगितल्यासारखं, "सीकाचा सूर खाली पडतोय. प्रत्येक वेळी पडतोय. म्हणजे हात तेव्हाच गेला होता याचा. आणि आम्ही आजवर याच्या कानाची शपथ घेत होतो."

तेव्हा हाज्जांनी पंजा वर केला होता.

कुतैबाने तबकडी थांबवली. कारंज्याचं पाणी तेवढं वाजत राहिलं.

"हे मी गायलेलं नाही," हाज्जा म्हणाल्या.

"आवाज तर तुमचाच आहे, हाज्जा," अबू मुनीर मऊपणे म्हणाले. "वय झालं की माणूस स्वतःलाच परका होतो. माझ्या लग्नातला फोटो बघून मी बायकोला विचारतो, हा हिरो कोण?"

लोक सुटल्यासारखे हसले. हाज्जा हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून कुतैबाकडे पाहिलं. "तू सांग. हे मी गायले?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या तोंडात आलंही होतं. पण समोर अबू मुनीर होते, वकील होता, शहरातले सगळे कान होते.

"टेप फार जुनी होती, हाज्जा," तो म्हणाला. "ओलीत राहिलेली. वेग जरा इकडेतिकडे झाला असेल."

"वेग," हाज्जा म्हणाल्या.

त्या उठल्या. सौसनने घाईघाईने त्यांची चादर उचलली. यजमानाचा निरोप न घेता त्या घरातून कुणी गेलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून अबू मुनीर दारापर्यंत मागे गेले आणि तिथेच घुटमळत उभे राहिले. कुतैबा वायर गुंडाळत बसला. गुंडाळून झाली तेव्हा त्याने ती सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं आणि मूळ टेप लावली.

सीका म्हणजे तिसरा सूर. गंधारच, पण कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या मधला. मधे म्हणजे नेमका कुठे, हे कुणाला लिहून देता येत नाही. मकाम, म्हणजे राग, बदलला की हा सूर हलतो, चढताना एका जागी असतो, उतरताना दुसऱ्या. चांगला गाणारा त्याला आजूबाजूच्या सुरांत मिसळून घेतो, बस. लग्नांतल्या कीबोर्डवाल्यांनी या सुराला एका जागी खिळा मारून टाकला होता. त्या एका गोष्टीची कुतैबाला कॉलेजपासून चीड होती, आणि त्या चिडीपायी त्याने सहा वर्षं खर्चून एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो वाजणारे सूर ऐकायचा, मागचा-पुढचा सूर बघायचा, आणि प्रत्येक सुराला त्या त्या क्षणी तो जिथे बाकीच्यांशी जुळेल तिथे ठेवायचा. परदेशातल्या एका कीबोर्ड कंपनीला त्यात रस वाटला होता. त्यांनी नमुना मागितला होता.

नेमक्या त्याच आठवड्यात हाज्जांची टेप हाती आली. प्रोग्रॅमला ऐकवली तर पडद्यावरची रेघ प्रत्येक सीकाला लाल व्हायची. हाज्जा केसभर खाली होत्या. एकदा नाही, प्रत्येक वेळी. थकल्या असतील त्या दिवशी, त्याने मनाशी म्हटलं होतं. गळ्यासाठी एक माइक होता आणि कानूनसाठी दुसरा, त्यामुळे आवाज वेगळा काढणं सोपं होतं. त्याने तो प्रोग्रॅममधून काढला, आणि तो केसभर उचलला गेला. कानूनला मात्र हात लावता येईना, कारण त्याच्या तारा एकमेकींत घुमत राहतात, एक उचलावी तर चार हलतात. मग त्याने कानून मागे ढकललं. "मागच्या कानूनकडे कोण बघतंय," असं तो रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलला होता. ते वाक्य आठवून आता त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मूळ टेप चालू होती. आवाज आणि कानून एका धाग्यात जात होते. कुठे काही खुपत नव्हतं. त्यानेच दोघांना वेगळं केलं होतं.

पण सगळ्यात लाजेची गोष्ट याहून वेगळी होती, आणि ती त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. कंपनीला नमुना पाठवताना त्याने हाच तुकडा दोनदा जोडला होता, मूळचा आणि सुधारलेला. पहिल्याखाली लिहिलं होतं, 'आधी: बेसूर'. दुसऱ्याखाली, 'नंतर: सुरात'. लहानपणी ज्या बाईचा आवाज शेजारच्या गच्चीवरून ऐकू आला की आई त्याला पाटी खाली ठेवून गप्प बस म्हणायची, त्या बाईच्या नावापुढे त्याने ते लिहिलं होतं.

कंपनीचं उत्तर त्या सकाळीच आलं होतं. फार प्रभावित झालो, असं.

*

पुढचे दोन शुक्रवार त्याने डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, असं सांगून टाळले. बाजारात अबू मुनीर यांचं दुकान लागू नये म्हणून तो मसाल्याच्या गल्लीतून लांबचा वळसा घालायचा. तरी बातम्या पोचायच्याच. वकिलाचा कपडे वाळत घालायचा विनोद गावभर झाला होता. संगीत शाळेतली पोरं तार उतरली की 'सुब्ही झाली' म्हणायला लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात सौसन स्टुडिओत आली. औषधाच्या दुकानातला पांढरा कोट तिच्या अंगावर तसाच होता.

"मावशीने गाणं सोडलंय," ती खुर्चीत न बसताच म्हणाली. "सकाळी कॉफी करताना गुणगुणायची, तेही नाही. दोन मुली शिकायला येतात, त्यांना दारातून परत पाठवलं. विचारलं तर म्हणते, आता नको. मला वाटतं तिची समजूत झालीय की तिचा कान गेला. स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येईना म्हणजे, तूच सांग, गाणाऱ्या माणसाला काय वाटेल?"

कुतैबा टेबलावरच्या वायरी सरळ करत होता.

"मूळ टेप आहे ना तुझ्याकडे? त्यातही असंच आहे का? काय आहे ते सांग एकदा, मी तिला समजावते. डॉक्टरकडे न्यायचं तर तसं नेते."

"बघतो," तो म्हणाला. "कुठे ठेवलीय ते शोधावं लागेल."

टेप तिच्या हाताजवळच होती. डब्यावर त्याच्याच अक्षरात हाज्जांचं नाव होतं. सौसनने तिकडे पाहिलं की नाही ते त्याला कळलं नाही. ती गेली तेव्हा त्याने डबा उलटा ठेवला. मग दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि तसाच, हातांत तोंड घालून, बराच वेळ बसून राहिला. एका म्हाताऱ्या बाईला कानाच्या डॉक्टरकडे नेऊ देण्याइतके आपण घसरलो, हे त्याला हातांच्या अंधारात अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्याने टेप घेतली, छोटं मशीन काखेत मारलं आणि निघाला.

*

हाज्जा जुदैदा भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. दार उघडंच होतं. त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून भरायच्या वांग्यांचा गर कोरत होत्या. बोटभर लांबीची वीसेक वांगी परातीत होती.

"ये," त्या वर न बघता म्हणाल्या. "त्या खुर्चीवर पीठ सांडलंय, दुसरी घे."

तो बसला. मशीन मांडीवर ठेवलं. हाज्जांनी एक वांगं पूर्ण कोरलं.

"हाज्जा, वेग बिघडला नव्हता."

"माहीत आहे."

"तुमचा आवाज मी वर केला. माझा एक प्रोग्रॅम आहे, तो..."

"कशाने केलास ते मला कळायचं नाही. पण केलास हे माहीत आहे. माझा गळा कुठे होता ते मला ठाऊक नसेल होय?"

कुतैबाने मान खाली घातली. "सौसन म्हणाली, तुम्हाला वाटतंय तुमचा कान गेला. ते तसं नाही, हेच सांगायला आलो. तुमची काही चूक नव्हती. मीच..."

"सौसन औषधं विकते. तिला जिथे तिथे आजार दिसतो." त्यांनी पुढचं वांगं उचललं. "इतके दिवस का लागले यायला?"

"लाज वाटत होती."

"हं. आता वाटत नाही?"

"आता जास्त वाटतेय."

हाज्जांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. मग सुरी पुसून बाजूला ठेवली आणि मशीनकडे बोट केलं. "मूळची आणलीस ना? लाव."

त्याने लावली. स्वयंपाकघर लहान होतं, आवाज भिंतींना लागून परत येत होता. हाज्जा गाणं ऐकत होत्या तसं दिसत नव्हतं. आपल्या आवाजापाशी त्या टेबलावरच्या मेणकापडाची घडी सरळ करत राहिल्या. कानून एकटं आलं तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले.

"बघा," कुतैबा म्हणाला, "किती नीट लावलंय. कुठे काही खाली नाही."

"नीट नाही लावलेलं. खाली आहे," हाज्जा म्हणाल्या. "दोघंही खाली आहोत. तुझं यंत्र बरोबर आहे."

त्याने मशीन बंद करायला हात नेला. त्यांनी तो अडवला आणि गाणं चालू असतानाच, त्याच्यावरून आवाज न चढवता, सांगायला लागल्या.

"ह्यांचा डावा कान त्या वर्षी जायला लागला होता. बाकी सगळं ऐकू यायचं, हाक मारली की ओ द्यायचे. पण सूर लावताना तो एक सूर त्यांना खालीच बरोबर वाटायचा. त्या दिवशी सकाळी तासभर तारा लावत बसले. रेडिओच्या व्हरांड्यात दोन तरणे वादक येऊन बसले होते. कुणाच्या जागेवर डोळा ठेवून आले होते ते सगळ्यांना माहीत होतं, ह्यांनाही. आत काचेपलीकडे साहेब. हे मला म्हणाले, 'नझीहा, ऐक जरा, झालं का?' मी ऐकलं. मी म्हटलं, 'झालं.'"

गाण्यातली ओळ संपून पुन्हा कानून आलं. त्या थांबल्या, ते संपू दिलं.

"मग काय करणार? ते वर येणार नव्हते, म्हणून मी खाली गेले. केसभर जायचं असतं, गळ्याला जड नसतं ते. दोघं एका जागी असलो की कुणाला काही खुपत नाही. लोक म्हणाले, नझीहाचा सीका जड झालाय, काय भारदस्त लागतो! अबू मुनीरने तर त्याच्यावर भाषण दिलं होतं. सहा वर्षं तशीच गायले. ते गेले, त्यानंतरही मी वर गेले नाही. गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, मग इतकी वर्षं काय चाललं होतं?"

"उस्तादांना कळलं होतं?"

"विचारायचं कसं? विचारलं असतं तर कळलं नसतं का त्यांना?"

टेप संपून नुसती खरखर यायला लागली. कुतैबाने मशीन बंद केलं. त्याच्या प्रोग्रॅमची सारी करामत एवढीच होती, की शेजारी कोण आहे ते बघून सुराने आपली जागा सोडावी. तो तिथे बसून मशीनच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत राहिला. 'बेसूर' हा शब्द त्याला दिसत होता, स्वतःच्या टायपिंगमधला.

"माझं काय," हाज्जा म्हणाल्या. "बाहत्तराव्या वर्षी माझा आवाज उजळला, लोक वाहवा करताहेत. पण ह्यांना हसले. ह्यांना. आणि मी तिथे उशीला टेकून बसले होते." त्यांनी सुरी उचलली, पण वांगं घेतलं नाही. "मला तोंड उघडून सांगताही येईना. सांगितलं असतं तर ह्यांचं हसं जास्तच झालं असतं."

"मी तबकड्या परत मागवतो," कुतैबा म्हणाला. "मूळ गाणं देतो."

"आणि विचारतील तेव्हा? आधीच्या तबकडीत कानून कसं खाली आलं?"

खालच्या रस्त्यावर गॅसच्या टाक्या विकणारा पाना आपटत गेला. तो आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत कुतैबा बसून होता.

"सांगेन, कानून मी बिघडवलं," तो म्हणाला. "सांगेन, माझ्या प्रोग्रॅमला कळलं नाही आणि त्याने कानून खाली ओढलं."

"खोटं आहे ते."

"अर्धं आहे."

"तुझ्या यंत्राचं नाव जाईल या गावातून."

"जाईल."

हाज्जांनी त्याला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, दुवाही दिला नाही. परातीतली कोरायची राहिलेली वांगी त्यांनी दोन ढिगांत केली आणि एक ढीग त्याच्याकडे सरकवला. दुसरी सुरी खणात होती. तो कोरायला बसला. पहिली दोन त्याने फाडली.

*

शुक्रवारी त्याने अबू मुनीर यांच्या अंगणात उभं राहून सांगितलं. सांगून झाल्यावर मूळ टेप लावली. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"म्हणजे सुब्हीचा हात ठीक होता?" अबू मुनीर यांनी विचारलं.

"ठीक होता."

"आणि कान?"

"कानही."

अबू मुनीर यांनी खिशातून रुमाल काढला, तो डोळ्यांना लावावा की कपाळाला असं त्यांना झालं, आणि त्यांनी तो तसाच मुठीत धरला. "एक महिना मी त्या माणसाला मनात शिव्या देतोय," ते म्हणाले. "कबरीत पडलेल्या माणसाला! आणि तू, बाळा, तू तेव्हा समोर बसला होतास. वायर गुंडाळत होतास."

"हो."

"वेग म्हणालास."

"हो."

"यंत्राला कान नसतो हे आमच्या भट्टीवरच्या गाढवालाही ठाऊक आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "पण यंत्रवाल्याला जीभ असते ना?" यावर सगळे हसले. कुतैबाही हसायला गेला, ते जमलं नाही. आपण बनवलेल्या एकाच गोष्टीने त्या अंगणात खरं ऐकलं होतं, आणि तिलाच आपण अकरा माणसांसमोर बहिरी ठरवून आलो, हे त्याला परतीच्या वाटेवर साबणाच्या बाजारात एकदम जाणवलं. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. पण उठला तेव्हा मसाल्याच्या गल्लीकडे न वळता सरळ रस्त्याने घरी गेला.

कंपनीला त्याने चार ओळी लिहिल्या. नमुन्यातल्या दोन तुकड्यांखालची नावं माझ्याकडून उलटी पडली होती, क्षमस्व, असं. त्यांना ते काय कळणार होतं! त्यांचं पुन्हा उत्तर आलं नाही. वकिलाचा विनोद मात्र गावात पंधरा दिवसांत विरला, आणि शाळेतली पोरं तार उतरली की आता 'कुतैबा झाली' म्हणायला लागली.

जून उजाडला तेव्हा नव्या तबकड्या तयार झाल्या. पहिली तो हाज्जांना द्यायला निघाला. जिना चढतानाच त्याला वरून मुलीचा आवाज ऐकू आला. शिकवणी पुन्हा सुरू झाली होती. दार नेहमीसारखं उघडं होतं. तो चौकटीत थांबला. आत लुबाना नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पाठमोरी बसून एक ओळ घोळवत होती. तिचा सीका अगदी हाज्जांसारखा लागत होता, जड, केसभर खाली.

"वर," हाज्जा म्हणाल्या.

मुलीने पुन्हा म्हटलं.

"अजून वर. जरासंच."

"पण खाला, तुम्हीच तर असं शिकवलंत."

"शिकवलं. आता वर म्हणतेय ना."

मुलीने दोनदा प्रयत्न केला. एकदा फार वर गेली, एकदा घाबरून पुन्हा खाली आली. "कुठे ते कळत नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुम्ही म्हणून दाखवा."

हाज्जा खुर्चीत पुढे सरकल्या, हात गुडघ्यांवर ठेवले आणि ती ओळ म्हणायला लागल्या. आवाज म्हातारा होता, सुरुवातीला धरत नव्हता. पण तिसऱ्या सुरापाशी तो चढला आणि थांबला, आणि खोलीतली भांडी, खिडकीची काच, सगळं त्या एका जागी जुळल्यासारखं झालं. कुतैबाने पडद्यावर तो सूर हजारदा पाहिला होता. माणसाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता.

ओळ पुरी झाली नाही. हाज्जांनी मधेच हाताने तोंड झाकलं. मान, कान, सगळं लाल झालं होतं, एखाद्या मुलीला गच्चीवर कुणाशी बोलताना पकडावं तसं.

"परत म्हणा ना!" लुबाना म्हणाली.

तेव्हा हाज्जांना चौकटीत उभा असलेला कुतैबा दिसला. हात तोंडावर तसाच होता, त्यामुळे शब्द नीट बाहेर आले नाहीत. "कधी आलास?"

"आत्ताच."

"ऐकलंस?"

"नाही, हाज्जा," तो म्हणाला. "जिन्यात होतो."

त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हात खाली आला.

"म्हणते, पण आधी ती खिडकी लाव," त्या मुलीला म्हणाल्या.